हादडण्याचा हक्क

गेल्या पावसाळ्यात कोथरूडच्या घरात बसून मी एका इंग्रजी मालिकेची मराठी सबटायटल्स करत होते. एक प्रसंग आला. मुलीचं ब्रेकअप झालंय. ती सोफ्यावर चादरीत गुरफटून बसलीय. मैत्रीण दोन पिझ्झे आणि आइस्क्रीमचा डबा घेऊन दारात उभी राहते आणि म्हणते, ‘टुनाइट वी पिग आउट.’ चार शब्द, पडद्यावर जेमतेम दोन सेकंद. एरवी अशी ओळ मी चहा पिता पिता उरकते. या ओळीवर अख्खी संध्याकाळ गेली.

आधी लिहिलं, ‘आज हादडूया.’ वाचलं आणि डोळ्यांसमोर चार पोरं आली, रविवारी रात्री मेस बंद म्हणून बाहेर पडलेली. खोडलं. ‘आज ताव मारूया’ लिहिलं, तर लग्नाची पंगत दिसायला लागली आणि पिझ्झ्याच्या जागी जिलेबी. ‘पोट फुटेस्तोवर खाऊया’ ओळीत मावेना. ‘आज नुसतं खा खा खायचं’ लिहिलं, तर ती मैत्रीण टोमणा मारतेय असं वाटलं. मराठीत हावरेपणानं खाण्याला शब्द कमी नाहीत, ढिगानं आहेत. पण दुःखात असलेल्या मुलीला दुसरी मुलगी प्रेमानं म्हणेल, असा एकही सापडेना. असं का, हे शोधायला लागले आणि सबटायटल बाजूलाच राहिलं.

मागचा चिमुकला शब्द

इंग्रजीनं या कामाला जनावरं जुंपलीत. ‘पिग आउट’मध्ये डुक्कर आहे, ‘वुल्फ डाउन’मध्ये लांडगा. पण खरी करामत मागच्या चिमुकल्या शब्दाची आहे. ‘वुल्फ डाउन’ला कर्म लागतं. सँडविच, डबा, काहीतरी पाहिजे. बस सुटेल म्हणून अन्न न चावता घशाखाली ढकललं, असा तो प्रकार. ‘टक इन’ हे यजमानाचं बोलावणं आहे, आपल्याकडच्या ‘करा सुरुवात’सारखं. ‘पिग आउट’ गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकात अमेरिकी बोलीत रूढ झालं, आणि त्याला कर्माची गरजच नाही. काय खाल्लं ते सांगायचं असेल तर पुढे ‘ऑन’ जोडता येतं, पण नाही सांगितलं तरी वाक्य पुरं होतं. त्याचं लक्ष ताटावर नसतंच. खाणाऱ्यानं स्वतःला किती सैल सोडलं, एवढंच ते सांगतं.

आणि ते बहुतेकदा स्वतःबद्दल बोललं जातं. काल रात्री मी कशी खात बसले, हे सांगताना माणूस स्वतःला डुक्कर म्हणवून घेतो आणि त्याच दमात स्वतःला माफही करून टाकतो. तिसऱ्या माणसाबद्दल हेच म्हटलं की मात्र ते बोचतं. म्हणजे या शब्दाचा अर्थ कोशात जेवढा आहे, तेवढाच तो कोण कोणाबद्दल बोलतंय यातही आहे.

मराठीत असे चिमुकले शब्द नाहीत, असं मला शाळेत वाटायचं. पण आहेत, आणि ती सगळी क्रियापदं आहेत. खाऊन घेणे, खाऊन टाकणे, खात बसणे, खात सुटणे. खाणं तेच, मागचा शब्द बदलला की घरातली माणसंही बदलतात. ‘खाऊन घे’ हे बाहेर निघालेल्या माणसाला म्हणतात, त्याच्या भल्यासाठी. ‘खाऊन टाक’ हे अन्नाच्या भल्यासाठी. पातेल्याच्या तळाशी दोन घास भात राहिलाय, अर्धी पोळी उरलीय, कालची भाजी आता टिकणार नाही. हे ‘टाक’ आपल्या घरांत कोणाच्या वाट्याला येतं ते आठवून पाहा. माझ्या आईला ते कोणी म्हणावंही लागत नाही. सगळे उठल्यावर ती स्वतःशीच म्हणते, ‘एवढं खाऊन टाकते.’

आपल्याकडे म्हण आहे, ‘खाऊन माजावं, टाकून माजू नये.’ मी ती नेहमी काटकसरीची शिकवण म्हणून ऐकली. आता ऐकताना वाटतं, या घरांत टाकणं बंद झालेलंच नाही. फक्त बादलीऐवजी एका बाईच्या पोटात टाकलं जातं, आणि व्याकरण त्याला खाणं म्हणतं.

‘खात सुटणे’ मात्र ‘पिग आउट’च्या अगदी शेजारी राहतं. त्यात दावं सुटलेलं जनावर आहे, कर्माची सक्ती नाही, आवर राहिला नाही हा भाव आहे. मी खूश होऊन टाइप केलं आणि थांबले. ‘तो दिसेल ते खात सुटलाय’ असं आपण म्हणतो. ‘काल मी खात सुटले’ असंही म्हणतो, पण त्यात कबुलीजबाबाचा सूर येतो, पुढे ‘आता उद्यापासून बंद’ असं वाक्य येणारच असतं. ‘चल, खात सुटूया’ असं मात्र मी कोणाच्याही तोंडून ऐकलेलं नाही. सुटणं हे घडून जातं, त्याचं आमंत्रण देता येत नाही.

जेवणाची लढाई

मग आमंत्रण देणारे शब्द कुठले? ते बघायला गेले आणि मारामारीतच सापडले. आपण मिसळ हाणतो. वडे चेपतो. लाडू चोपतो. पार्ट्या झोडतो. ताटावर तुटून पडतो, आडवा हात मारतो, फडशा पाडतो, सगळं फस्त करतो. यातला जवळजवळ प्रत्येक शब्द तालमीतून, भांडणातून नाहीतर रणांगणातून आलाय. समोर ताट नसून शत्रू आहे, आणि खाणारा जिंकून उठणार आहे. इंग्रजी खादाड जनावर होतो, मराठी खादाड पैलवान होतो. म्हणून तर आपल्याकडे जिलब्यांच्या पैजा लागायच्या आणि त्यांच्या गोष्टी पुढच्या पिढ्यांना सांगितल्या जायच्या.

पैलवानाच्या या भाषेत बायकांना जागा नाही. एक सोपा प्रयोग करून बघा. ‘काल त्यानं तीन प्लेट मिसळ हादडली’ हे वाक्य कोणत्याही कट्ट्यावर म्हणा. ऐकणारे हसतील, एखादा पाठीवर थाप मारेल. आता ‘त्यानं’च्या जागी ‘तिनं’ ठेवा. हसू येईल, पण ते वेगळं असेल. त्यात जरा आश्चर्य असेल, जरा ‘बघा बाई’ असेल. ‘वाढत्या अंगाचा आहे, खाऊ दे’ हे वाक्य मी माझ्या भावासाठी शेकडो वेळा ऐकलंय. अंग माझंही वाढत होतं.

बायकांसाठी, लहान मुलांसाठी, घरातल्या नकोशा माणसांसाठी भाषेनं दुसरा डबा भरून ठेवलाय. गिळणे, कोंबणे, चरणे, तुकडे मोडणे. ‘गिळ एकदाचं.’ ‘बसलाय आयतं गिळत.’ ‘खायला काळ, भुईला भार.’ इथे कोणी काही जिंकत नाही. खाणाऱ्याचं खाणंच त्याच्यावर केस म्हणून दाखल होतं. किती खाल्लं याचा या शब्दांशी फारसा संबंध नाही. अर्धी भाकरी खाणाऱ्या म्हाताऱ्यालाही ‘गिळतो’ म्हणता येतं आणि दहा पोळ्या खाणाऱ्या जावयाला ‘गिळता’ म्हणायची कोणाची टाप नाही. जावयाला आपण ‘सावकाश होऊ द्या’ म्हणतो.

म्हणजे हावरेपणाची क्रियापदं वजनकाट्यावर ठरत नाहीत. त्या अन्नावर खाणाऱ्याचा हक्क आहे असं बोलणाऱ्याला वाटतं की नाही, यावर ती ठरतात. हक्क असेल तर ‘हाणलं’, नसेल तर ‘गिळलं’. पैसे खाणे, जमीन गिळणे, घशात घालणे हे भ्रष्टाचाराचे शब्द मराठीत याच डब्यातून आलेत, आणि तिथे ते चपखल बसतात. पंचाईत तेव्हा होते, जेव्हा हेच शब्द खऱ्याखुऱ्या भुकेल्या माणसासाठी वापरले जातात.

चवीनं खाणारे

पुण्यात खाण्याबद्दल लिहायचं आणि पु. ल. देशपांड्यांना वगळायचं, असं करता येत नाही. ‘हसवणूक’मधला त्यांचा ‘माझे खाद्यजीवन’ हा लेख मी कॉलेजात असताना वाचला आणि मग बऱ्याच वेळा वाचला. शीर्षकातच गंमत आहे. साहित्यिकानं आपल्या वाङ्मयीन जीवनाबद्दल बोलावं, त्या तोऱ्यात त्यांनी पोटाला आणून बसवलं. लेख वाचताना खाण्याची लाज वाटेनाशी होते. खाणं ही दाद देण्याची गोष्ट होते, गाण्यासारखी. मराठी मध्यमवर्गाला हे कोणीतरी सांगायला हवं होतं, आणि इतक्या मायेनं दुसरं कोणी सांगितलंही नसतं. आज मोबाइलवर कोणी मिसळीच्या तर्रीचा व्हिडिओ करतो आणि डोळे मिटून ‘अहाहा’ म्हणतो, तेव्हा तो त्या परंपरेचा दूरचा का होईना, वारसदार असतो.

पण मोठेपणी पुन्हा वाचताना या परंपरेतली एक गोष्ट खटकायला लागली. तिच्यात भूक म्हणजे नेहमी रुची. पुढचं ताट येणार की नाही, ही शंका त्या हसण्याला कुठेच शिवत नाही. ‘चवीनं खाणार त्याला देव देणार’ ही म्हण तिथे अगदी खरी वाटते. मग ज्याला देवानं दिलं नाही, तो काय बेचव खात होता? म्हण या प्रश्नापाशी जात नाही. मी हे त्या लेखाचं अपयश म्हणत नाही, कारण विनोदी लेखानं दुष्काळाचा हिशेब द्यावा अशी अपेक्षाच चुकीची आहे. माझी तक्रार आपल्याबद्दल, वाचकांबद्दल आहे. आपण खाण्यावरचं मराठी लेखन म्हटलं की तेवढंच कपाट उघडतो.

दुसऱ्या कपाटाची आठवण मला एका वाक्यानं करून दिली. ते वाक्य तुम्हीही ऐकलं असेल, कदाचित कालच. ‘दुष्काळातून आल्यासारखा काय खातोयस?’

माझी आजी करमाळ्याकडची. म्हणजे ती खरंच दुष्काळातून आलेली होती. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला जात होती. त्या काळात सरकारनं काढलेल्या दुष्काळी कामांवर मे 1973 मध्ये सुमारे 50 लाख माणसं होती. याच अनुभवातून पुढे 1977 चा रोजगार हमी कायदा आला, आणि देशाच्या रोजगार हमीची बीजं त्यात शोधली जातात. पण घरोघरच्या आठवणीत दोनच शब्द राहिले, सुकडी आणि मिलो. सुकडी कामावर वाटली जायची. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, जिच्या भाकरीला आजी शेवटपर्यंत नावं ठेवायची.

लहानपणी आमच्याकडे आमरस असला की मी वाटीमागून वाटी ओरपायचे, आणि आई म्हणायची, ‘अगं, दुष्काळातून आल्यासारखं काय?’ आजी समोरच बसलेली असायची. ती काही बोलायची नाही. आईच्या मनात काही नसायचं, हे तिलाही ठाऊक होतं. पण भाषेनं तेवढ्यात एक काम उरकलेलं असायचं. 50 लाख माणसांची उपासमार आमच्या जेवणाच्या टेबलावर गैरशिस्तीचं उदाहरण म्हणून आली होती.

खूप नंतर, या असल्या शब्दांचा नाद लागल्यावर, मी आजीला विचारलं होतं की तेव्हा कधी पोटभर मिळालं तर तुम्ही काय म्हणायचात, हादडलं म्हणायचात का? ती म्हणाली, ‘हादडाया काय हुतं गं? पोटात ढकलायचं आन् खडीवर जायाचं.’ ढकलणे. माझ्या यादीत हा शब्द तोवर नव्हता. त्यात मारामारी नाही, जनावर नाही, चवही नाही.

उरलेल्याचं खाणं

शरणकुमार लिंबाळे यांचं ‘अक्करमाशी’ 1984 साली आलं. त्यात शाळेच्या सहलीचा एक प्रसंग आहे. सवर्ण मुलं एका बाजूला बसून डबे खातात, महारांची मुलं दुसरीकडे. त्यांचं खाऊन झाल्यावर उरलेलं सगळं गोळा होऊन या मुलांना दिलं जातं. वेगवेगळ्या घरांचे, वेगवेगळ्या चवींचे एकत्र झालेले तुकडे. मुलं गोल करून बसतात आणि त्यावर तुटून पडतात, कारण असलं अन्न त्यांनी कधी खाल्लेलं नसतं. घरी येऊन मुलगा आईला सांगतो. आईला अपमान झाल्याचं काही वाटत नाही. माझ्यासाठी थोडं का नाही आणलंस, ही तिची तक्रार असते. मग शाळेत गुरुजी सहलीवर निबंध लिहायला सांगतात.

हा प्रसंग बहुतेक जण जातिभेदाचा म्हणून वाचतात, आणि तो आहेच. मी या वेळी तो क्रियापदांसाठी वाचला. लेखक त्या खाण्याचं वर्णन करताना स्वतःची बाजू सावरत नाही. आम्ही भुकेले होतो म्हणून तसं खाल्लं, असं म्हणायची सोय असूनही तो स्वतःला आणि सोबत्यांना सरळ हावरे ठरवतो. ‘पिग आउट’ म्हणणारी मुलगीही स्वतःला हावरी म्हणते. दोन्ही वाक्यं प्रथमपुरुषी आहेत, दोन्हींत खाणाऱ्याचा आवर सुटलाय. पण ती मुलगी म्हणताना हसते, कारण आपण तशा नाही हे तिला आणि ऐकणाऱ्याला माहीत असतं. लिंबाळ्यांच्या मुलाला ही सवलत नाही. तो ‘मी हावरा’ म्हणाला की समोरचं जग मान डोलावतं, कारण जगाचं त्याच्याबद्दल आधीपासून तेच मत असतं. स्वतःला गमतीनं खादाड म्हणवून घ्यायलासुद्धा भरलेलं पोट आणि बरं आडनाव लागतं, हे मला त्या पानावर कळलं.

शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (2015) या जागेवरून आणखी पुढे जातं. अन्नाला पूर्णब्रह्म म्हणणारा श्लोक शाळाशाळांतून म्हटला जातो. पाटोळे त्या एका शब्दाला ‘अ’ जोडतात आणि विचारतात की हे पूर्णत्व कोणाच्या ताटातलं? मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांचं अन्न, त्याच्या कृती, त्याचे शब्द ते नोंदवतात. मांसाच्या पट्ट्या कापून उन्हात वाळवलेल्या चान्या त्यात आहेत. ज्या दिवशी मिळालं त्या दिवशी भरपूर, आणि उरलेलं पुढच्या अडचणीच्या दिवसांसाठी वाळवून ठेवायचं, असं ते गणित. बाहेरून पाहणाऱ्याला पहिला दिवस दिसतो आणि तो म्हणतो, काय अधाशासारखे खातात. वाळत घातलेला पुढचा महिना त्याला दिसत नाही. सात्त्विक, राजस, तामस अशी अन्नाची उतरंड लावणाऱ्या संस्कृतीला हे पुस्तक कृतींची यादी समोर ठेवून उत्तर देतं. मला ते खाण्यावरच्या अलीकडच्या मराठी पुस्तकांत सर्वांत महत्त्वाचं वाटतं, आणि खाण्याबद्दलच्या गप्पांत ते क्वचितच निघतं.

गाडीभर अन्न

या सगळ्यावर विचार करताना मला लहानपणची एक गोष्ट पुन्हा आठवली. महाभारतात पांडव एकचक्रा नगरीत लपून राहतात. भिक्षेत मिळालेल्या अन्नाचे दोन भाग होतात. अर्ध्यात चार भाऊ आणि कुंती, उरलेलं अर्धं एकट्या भीमाला. गावाबाहेर बकासुर असतो. त्याला ठरलेल्या दिवशी गाडीभर अन्न आणि ते नेणारा माणूस द्यावा लागतो. एके दिवशी भीम ती गाडी घेऊन जातो, आणि राक्षसाला हाक मारून त्याच्याचसमोर ते गाडीभर अन्न स्वतः खायला बसतो. मग त्याला मारतो.

गाडी तीच, अन्न तेच, आवरही दोघांना सारखाच नाही. भीमाचं एक नावच वृकोदर आहे. वृक म्हणजे लांडगा, उदर म्हणजे पोट. म्हणजे ‘वुल्फ डाउन’मधला लांडगा आपल्या पोटात फार आधीपासून आहे. तरी आपण जास्त खाणाऱ्या पोराला चिडवताना बकासुर म्हणतो, आणि कौतुक करताना भीम. बकासुर माणसंही खायचा, हा फरक मोठा आहे, तो मी नाकारत नाही. पण मुलांना गोष्ट सांगताना सगळ्यात रंगवून सांगतात तो भाग भीमाच्या खाण्याचा, आणि आपण टाळ्या वाजवतो त्या आपल्या बाजूच्या माणसानं खाल्लं म्हणून. एकचक्रेच्या एखाद्या गरिबाच्या पोरानं त्या गाडीतली एक मूठ उचलली असती, तर त्याच्यासाठी कुठला शब्द वापरला असता?

जानेवारी 2021 मध्ये ही गाडी पुण्याजवळ पुन्हा आली. वडगाव मावळच्या एका हॉटेलानं बुलेट थाळी काढली. किंमत 2500 रुपये. मटण आणि मासळीचे पदार्थ, सगळं मिळून चार किलोंच्या घरात. ती एकट्यानं 60 मिनिटांत संपवणाऱ्याला रॉयल एनफिल्डची बुलेट मोटरसायकल. करोनामुळे ओस पडलेल्या हॉटेलात गिऱ्हाईक परत यावं, हा हेतू होता आणि तो सफल झाला. देशभर बातम्या झाल्या, व्हिडिओ फिरले. मीही पाहिले, आणि मलाही मजा वाटली. पण तारखेकडे लक्ष गेल्यावर मजा जरा अडखळली. टाळेबंदी मार्च 2020 ची. त्या उन्हाळ्यात पुण्यातून बाहेर पडणाऱ्या रस्त्यांवरून माणसं गावाकडे चालत निघाली होती आणि अन्नाच्या पाकिटांसाठी रांगा लागत होत्या. रांगेत दोनदा येऊन दुसरं पाकीट मागणाऱ्याबद्दल आपल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर काय लिहिलं जात होतं, तेही आठवत असेल. पाकीट दुसऱ्यांदा मागणारा हावरट, चार किलो खाणारा हिरो. मधे वर्षसुद्धा गेलं नव्हतं.

बुलेट थाळीवाल्यानं काही पाप केलं, असं मला म्हणायचं नाही. हॉटेल चालवणं हा त्याचा धंदा आहे आणि त्या हॉटेलात पगारावर माणसंही आहेत. शब्द आपण वाटले.

मोजणारे

पुण्यात अनलिमिटेड थाळीच्या हॉटेलांत एक पाटी हमखास असते. एका थाळीत दोघांनी जेवू नये, अन्न टाकल्यास जादा पैसे पडतील. अमर्यादेलाही नियम. मी त्या पाटीला हसत आले आहे. पण आता वाटतं, आपल्या सगळ्या खाण्याच्या भाषेवर अशी एक न दिसणारी पाटी लागलेली आहे, आणि ती कोणी किती खाल्लं ते मोजत असते. काही जणांचे घास ती मोजतच नाही. काहींचे मात्र पहिल्या घासापासून मोजते.

म्हणून मला त्या मालिकेतली मैत्रीण नेमकं काय म्हणतेय ते उशिरा का होईना, कळलं. ती मुलगी एरवी घास मोजत असणार. कॅलरी मोजणारं अॅप, मापात राहणारे कपडे, ‘किती खातेस’ म्हणणारी आई. मैत्रीण एका रात्रीपुरती ती मोजणी थांबवायला आली होती. मी ओळ लिहिली, ‘आज मोजायचं नाही.’ दोन सेकंदांत मावली. हादडणं नाही, गिळणं नाही, जनावरही नाही. मी स्वतःवर खूश होऊन फाइल पाठवून दिली.

दोन दिवसांनी तपासणाऱ्या मुलीचा फोन आला. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान असेल. म्हणाली, ‘ताई, ती ओळ छान आहे, पण लोकांना वाटेल पैशांबद्दल बोलतायत. मी बदलली.’ काय केलंस विचारलं, तर म्हणाली, ‘आज फुल खादाडी!’

मी तिच्याशी वाद घालायला तोंड उघडलं आणि मिटलं. ‘ती खादाड आहे’ असं म्हटलं तर आजही शिवीच होते. ‘तिनं हादडलं’ म्हटलं तर भुवया उंचावतात. पण ‘खादाडी’ हे नाम आहे. त्याला क्रियापदासारखा कर्ता जोडावा लागत नाही, म्हणून ‘त्यानं’ की ‘तिनं’ हा प्रश्नच येत नाही. क्रियापदांची सगळी घरं पैलवानांनी आधीच बळकावलेली, तेव्हा या मुलींनी विशेषणाला ई लावून शेजारी स्वतःची खोली बांधली, आणि त्यात सगळ्या मिळून जेवायला बसल्या. जुना अपमान त्यांनी वापरून वापरून बोथट केला. मी संध्याकाळभर कोशांत जे शोधत होते, ते त्या पोरी रोज एकमेकींना मेसेज करत होत्या.

एवढं मान्य करूनही आजीचं वाक्य डोक्यातून जात नाही. ‘फुल खादाडी’ तिला म्हणता आलं नसतं, आणि सहलीतल्या त्या मुलांनाही नाही. त्यांच्यासाठी निदान एक गोष्ट आपल्या हातात आहे. या रविवारी आमच्याकडे आमरस होता. भाचा वाटीला तोंड लावून ओरपत होता. आईनं सवयीनं सुरुवात केली, ‘अरे, दुष्काळातून...’ आणि माझ्याकडे पाहून थांबली. मग तिनं त्याच्या वाटीत आणखी एक पळी वाढली.